बिननावाची तीन पदकं

दर सव्वीस जानेवारीला आमच्या कॉलनीत झेंडावंदन झालं, की माझा प्रयोग असे. बाबांची तीन पदकं तळहातावर खणखणवायची आणि माईक धरायचा. एकाहत्तरच्या युद्धात फौजेच्या इंजिनिअर पलटणीतला एक साधा माणूस पोटावर झोपून, सळईनं माती टोचत, पेरलेले सुरुंग कसे शोधतो! सुरुंग फुटल्याचा आवाज मी तोंडानं काढत असे. पहिल्या रांगेतल्या आज्या दचकत. बाबा मागच्या खुर्चीत, कोरी छाती घेऊन.

"बघा, पदकंसुद्धा लावत नाहीत! किती साधा माणूस!" मी ओरडायचो. टाळ्या पडायच्या. बाबा बुटांकडे बघत बसायचे.

यंदा बाबा नाहीत. वडिलांची पदकं मुलानं उजव्या छातीवर लावायची असतात, एवढं मला ठाऊक होतं. फिती विटल्या होत्या, म्हणून छावणीतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथले चाचा फौजींची पदकं पट्टीवर बसवून देतात. त्यांनी पहिलं पदक उचललं, भिंग लावून कड फिरवून पाहिली. मग दुसरं. मग तिसरं.

"साहब, कडेला नाव नाय, नंबर नाय. असली पदकावर ते कोरलेलं असतं. ये तो हमारे दुकान का माल है. मागची पिन आमच्या अब्बांच्या हातची."

मी मटकन खाली बसलो. खाली स्टूल नव्हतं, टाचण्यांचा डबा होता. पण मला टोचलंसुद्धा नाही. माझा बाप खोटा?

घरी आई मटार सोलत बसली होती. पदकं तिच्या ताटात टाकली.

"आई, बाबा युद्धावर गेलेच नव्हते?"

"आवाज खाली. गेले होते. खरी पदकंही आली होती. ती तू खाल्लीस."

"खाल्ली?"

"व्हय. सहा वर्षांचा होतास. दारावर भंगारवाला आला, त्याला तिन्ही देऊन बुढ्ढी के बाल घेतलेस. गुलाबी. गल्लीतल्या पोरांनाही वाटलेस. लई दिलदार!"

बाबांनी सायकलवरून तीन दिवस भंगाराची गोदामं पालथी घातली होती म्हणे. मग छावणीतून ही आणून पेटीत ठेवली. पोरगं मोठं होऊन पेटी उघडील, ती रिकामी दिसू नये.

"अगं, पण फौजेकडं दुसरी मागता आली असती!"

"अर्जात हरवली कशी ते लिहावं लागतं. खोटं ते लिहीनात. आणि खरं लिहून तुझा पराक्रम फौजेच्या कागदावर चढवायचा नव्हता त्यांना."

"म्हणून कधी लावली नाहीत?"

"दुकानातली पदकं फौजी माणूस छातीला लावतो व्हय?"

म्हणजे इतकी वर्षं, माईकवरून, टाळ्या घेत, मी त्या माणसाला भर कॉलनीत जणू हेच विचारत होतो, की पदकं का लावत नाही. आणि तो बुटांकडे बघत होता.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

आईनं पदकं मटारातून निवडून बाजूला ठेवली. "मी म्हणाले होते, सांगा. तर म्हणाले, नको. तो रडेल. आणि रडून झालं, की माईक घेईल."

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, आता खणखण होईल म्हणून. हात रिकामा होता, छातीही. मागची एक खुर्चीही.

रडून झालं होतं. मी माईक घेतला.