वहाणा घालून वाचायची पोथी

पुंजाजीनं कामरगावजवळच्या आमच्या गावात उभं आयुष्य पोथी वाचली. वाचायला बसण्याआधी तो पाय धुवायचा, तोंडात तुळशीचं पान ठेवायचा, पोथी कपाळाला लावायचा. असा हा माणूस म्हातारपणी एक पुस्तक मात्र पायात वहाणा घालून वाचायचा. मुद्दाम. चुकून वहाणा दाराशी राहिल्या तर उठून घालून यायचा आणि मगच पान उघडायचा. परगावचे पाहुणे ते पाहून हादरत. गावच्या लोकांना काही वाटत नसे, कारण त्यांचं हादरून आधीच झालेलं होतं.

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. लोकल बोर्डाकडून गावच्या वाचनालयाला पुस्तकांची एक पेटी आली. वाचनालय म्हणजे चावडीला लागून असलेली खोली, तीत एक कपाट आणि एक बाक. उकंडराव पाटील अध्यक्ष. पुस्तकांकडे ते शेतीच्या अवजारांसारखं बघत. मोजून घ्यायची, गंजू द्यायची नाहीत आणि शक्यतो दुसऱ्याला द्यायची नाहीत.

पेटीतल्या एका पुस्तकाच्या नावात 'माता' हा शब्द होता. देवीचं काही असेल असं समजून ते वरच्या खणात, पोथ्यांच्या शेजारी ठेवलं गेलं. पुंजाजीचा हात त्याच खणात जायचा, म्हणून ते पहिल्यांदा त्याच्याच हाती लागलं. कोण्या डॉक्टरीण बाईंनी लिहिलेलं ते बाळंतपणाचं पुस्तक होतं.

पुंजाजीची लेक रुख्मिणी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिची आधीची दोन लेकरं पाचवी पुजल्यानंतर आकडी येऊन गेली होती. आधी दूध ओढेनासं व्हायचं, मग जबडा मिटायचा, मग अंग कमानीसारखं ताठ. गाव याला सटवाईचा कोप म्हणायचं, आणि सटवाईशी हुज्जत घालायची पद्धत नव्हती. पुंजाजीनं अनुक्रमणिका वाचली. तीत 'नवजात बालकाची आकडी, तिचे कारण व प्रतिबंध' असा एक धडा होता. त्याचं पान तो शोधतच होता, तेवढ्यात उकंडराव आत आले.

"कोन्ती पोथी व्हय रे?"

त्यांनी पुस्तक घेतलं आणि ते नेमकं चित्राच्या पानावर उघडलं. पाटलांनी जन्मभर शेतांचे नकाशे पाहिले होते, पण बाईच्या पोटाचाही नकाशा निघतो ही गोष्ट त्यांना नवीन होती. ते बाकावर बसले. 

"अरे बाप्पा! हे लेकरू उलटं काहून टांगलं?"

"पोटात उलटंच राह्यते जी. खाली लिवलं हाये."

"तू खालचं वाचलं?"

पुस्तक कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली पाटलांच्या करदोड्याला गेली. दुसऱ्या दिवशी पुंजाजी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"पाटील, एकच धडा वाचू द्या. रुख्मिणीले सातवा लागला हाये."

"बाप असून लेकीचं असलं वाचतं? मान्साले काई लाज पायजे."

मग पाटलांनी चळवळ सुरू केली. पुस्तक वाचनालयातून काढून जाळावं, असा अर्ज बोर्डाकडे धाडायचा ठरला. अंगठे घ्यायला ते स्वतः घरोघर फिरले. पुस्तकात काय आहे असं कोणी विचारलं, तर म्हणत, "सांगन्यासारखं असतं तं अर्ज कायले केला असता?" हे सर्वांना पटलं. पुंजाजीचा अंगठा तेवढा मिळाला नाही. त्याला सही येत होती, आणि ती त्यानं केली नाही.

बोर्डाचं उत्तर मात्र खवचट आलं. आक्षेपार्ह मजकूर कोणता, आणि अंगठा देणाऱ्यांनी तो स्वतः वाचला किंवा ऐकला आहे काय, हे कळवावं. आता आली पंचाईत. पाटील त्या पुस्तकाला पुन्हा हात लावायला तयार नव्हते. शाळेच्या मास्तरांना विचारलं, तर नोकरी बोर्डाची असल्यामुळे त्यांना ताप आला. गावानं बसून ऐकावं असा वाचणारा एकच उरला. पाटलांनी पुंजाजीला बोलावलं. मारुतीच्या देवळात सगळ्यांसमोर वाचायचं, आक्षेपार्ह मजकूर आला की थांबायचं, आणि तो लिहून घ्यायचा.

देव ब्रह्मचारी, म्हणून मूर्तीवर आधी घोंगडी टाकण्यात आली. कानांवरून ती दुहेरी घेतली.

पुंजाजी आला. त्यानं पाय धुतले, समई लावली, नारळ फोडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि यजमान म्हणून उकंडराव पाटलांचं नाव घेऊन संकल्पाचं पळीभर पाणी पुढे केलं. पाटलांनी सवयीनं तळहात धरला. पाणी सुटल्यावर ते भानावर आले.

"हे कायले रे?"

"मले दुसरं वाचनंच येत नाई, पाटील."

हे सवयीनंच झालं, असं पुंजाजी मरेपर्यंत सांगत होता. लोकांनी ते अर्धंच खरं धरलं.

त्यानं पोथीच्या चालीवर सुरुवात केली. डॉक्टरीण बाईंचं गद्य तो जागोजाग तोडून ओवीत बसवत होता. बद्धकोष्ठावरचा पहिला धडा संपला, त्यानं शेवटचा सूर लांबवला, आणि सगळ्या देवळानं सवयीप्रमाणे जयजयकार केला. त्यात पाटलांचा आवाज सर्वांत मोठा होता. गरोदर बाईनं काय खावं या धड्यालाही जयजयकार झाला. चाल ऐकून पोथी लागली म्हणून बायाही आल्या, अक्षतांच्या वाट्या घेऊन खांबांमागे बसल्या. रुख्मिणी पायरीशी टेकली होती.

मग आकडीचा धडा आला. दोन ओळी चालीवर गेल्या आणि पुंजाजीचा सूर तुटला. पुढचं त्यानं सरळ वाचलं. नाळ विळ्यानं किंवा न उकळलेल्या हत्यारानं कापली, नाभीला शेण-राख-माती लावली, की त्यातलं विष नाळेवाटे लेकराच्या अंगात जातं. लेकराचा जबडा मिटतो. आकडी येते ती त्याच विषानं.

"बस!" पाटील उठले. "हेच ते. नाळ, नाभी, तेही देवापुढं! लिवून घ्या. पुस्तक बंद कर."

"उकंडा, खाली बस."

बोलली ती प्रयागबाई, पाटलांची आई. ती सहसा चारचौघांत बोलत नसे.

"माय, तुले समजत नाई. हे पोथी नोहे."

"नारळ फुटला का नाई? पानी तुह्याच हातानं सुटलं का नाई? मंग अर्धी कशी ठेवतं?" ती पुंजाजीकडे वळली. "बापू, ते मांगचं पुन्यांदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"विळ्यानं?"

"व्हय, माय."

"आन् शेन?"

"शेन, राख, माती. नाभीले कायीच लावू नोका म्हन्ते."

प्रयागबाईनं आपले दोन्ही तळवे समईच्या उजेडात धरले आणि ते कोणा दुसऱ्याचे असावेत तसे बघत राहिली.

"माह्ये तिघं गेले," ती म्हणाली. "तिघायलेबी म्याच लावलं. गोठ्यातलं ताजं आनून. या हातानं."

त्यानंतर देवळात जे झालं त्याला शांतता म्हणणं बरोबर नाही. मनातल्या मनात प्रत्येक बाई आपल्या घरी जाऊन आली. गावात आकडीनं लेकरू न गेलेलं घर नव्हतं, आणि कोणत्या लेकराला कोणी काय लावलं होतं, हे प्रत्येकीला लख्ख आठवत होतं. माया करून लावलं होतं. चांगलं सारवायच्या गाईचं बघून लावलं होतं. रुख्मिणी उठून बायांत बसलेल्या आपल्या आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली. धडा संपला तेव्हा अक्षता मुठीतच राहिल्या आणि जयजयकार कोणीच केला नाही.

शेवटी चतुराबाई सुईण भांडायच्या सुरात बोलली. "माह्याकडं काय पाहून राह्यल्या? मले आजवर कोनं सांगतलं व? विळा उकळाले कोन्ते कष्ट लागते?" आणि मग तीच सगळ्यांत आधी रडली.

पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं गेलं. समाप्तीचं जेवण रीतीप्रमाणे यजमानांनी घातलं. पूजा झालेली पोथी कादंबऱ्यांच्या कपाटात परत ठेवता येत नाही, म्हणून ती लाल फडक्यात बांधून देवळाच्या कोनाड्यात ठेवली. पुस्तक वाचनालयातून काढलं असल्याचं पाटलांनी बोर्डाला कळवलं, आणि बोर्डानं समाधान व्यक्त केलं. चळवळ अशी यशस्वी झाली.

रुख्मिणीला मुलगा झाला. चतुराबाईनं नवं पातं उकळून घेतलं, नाभीला काहीही लावलं नाही. पाचवी झाली, बारसं झालं. पोरगं भुकेनं असं ठणाणा ओरडत होतं की शेजारी वैतागले. पुंजाजी अंगणात बसून तो आवाज ऐकत होता. कोणी म्हणालं, गप कर त्याले. तो म्हणाला, "राहू द्या."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढं चार वर्षांनी प्रयागबाई गेली. चतुराबाई लेकीकडे मालेगावला राहायला गेली. पुस्तक मात्र मोठं झालं. ज्या घरी बाळंतपण असेल तिथं ते वाजतगाजत जायचं, बाजेच्या उशाशी राहायचं. रोज हळदकुंकू. फडक्याची गाठ कोणी सोडत नसे, सोवळ्यात नसताना पोथी उघडायची कशी? पुंजाजी दारोदार ओरडत फिरायचा, "वाचा न माय! नमस्कार कायले करता?" बाया त्यालाही नमस्कार करायच्या.

मग उकंडरावांची धाकटी लेक बाळंतपणाला आली. सुईण बाहेरगावची होती. पाचवीनंतर लेकरानं दूध सोडलं आणि ते आकडीनं गेलं. तिसऱ्या दिवशी पाटील पुंजाजीच्या अंगणात आले, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पोथी तं उशाशी होती, पुंजाजी. म्या स्वता हळद वाह्यली. मंग काहून?"

"वाचली कोनं?"



"वाचा लागते?" पाटलांनी विचारलं. अगदी मनापासून.

पुंजाजीनं वहाणा घातल्या आणि पाटलांच्या घरी गेला. वहाणांसकट ओसरी चढला, वहाणांसकट बाळंतिणीच्या खोलीत शिरला. बाया किंचाळल्या. उशाचं फडकं सोडून त्यानं तिथंच टाकलं, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि पुस्तक काखेत मारून वाचनालयातल्या कपाटाशी येऊन उभा राहिला. कपाटाला कुलूप होतं. मागून पाटील आले. त्यांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग करदोड्याची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

दोन वर्षांनी त्या लेकीचे दिवस पुन्हा भरले. पुंजाजी पुस्तक घेऊन गेला. लेक आत बाजेवर, सुईण तिच्या पायथ्याशी, पाटील उंबऱ्याबाहेर. पुंजाजीनं पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

"वाच न," पाटील म्हणाले.

पुंजाजी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत होता.

पाटील उठले, दाराशी काढलेल्या वहाणा घालून आले. मग त्यानं पान उघडलं.