बाकाखालचे पाय

आमची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा तिथलं शाळेचं वर्ष निम्म्यावर आलं होतं. बाबा फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेबखात्यात रुजू झाले, बालीगंजला दोन खोल्या मिळाल्या, पण मला जवळची एकही शाळा घेईना. फाळणी होऊन फार दिवस झाले नव्हते. सीमेपलीकडून बायका-पोरांचे तांडे अजून येत होते, आणि प्रत्येक शाळेत बाकावर जिथे तिघी बसायच्या तिथे पाच जणी कोंबलेल्या असायच्या. शेवटी रेल्वेच्या फाटकापलीकडे, शहर संपून तळी आणि निर्वासितांच्या नव्या वसाहती सुरू होतात त्या बाजूला, मुलींची एक सरकारी मदतीवर चालणारी शाळा होती, तिथे मला जागा मिळाली. बाबांना ती शाळा पसंत नव्हती. मला मात्र घरात बसून बसून वेड लागायची पाळी आली होती, त्यामुळे मी कुठेही जायला तयार होते.

शाळेत मुख्याध्यापिकेला सगळ्या ‘बडदी’ म्हणत, म्हणजे मोठी ताई. नावात प्रेम होतं, पण बाई करड्या होत्या. त्यांनी माझं इंग्रजी पाहिलं, गणित पाहिलं, बंगाली वाचायला दिलं, आणि मी तोंडाचा आ वासून उभी राहिल्यावर म्हणाल्या, ‘ख’ तुकडी.

‘क’ तुकडीत फाटकाच्या अलीकडच्या मुली होत्या. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, ज्यांच्या आयासुद्धा शाळा शिकलेल्या. ‘ख’मध्ये वसाहतीतल्या. पूर्व बंगालातून आलेल्या, आधीच्या शाळेचा दाखला नसलेल्या, कुणाचं एक वर्ष वाटेत गेलेलं, कुणाची दोन. ‘क’मधल्या मुली त्यांना ‘बांगाल’ म्हणत आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करून खिदळत. त्यांच्यात मी एकटीच परकी, म्हणून मला कुणी काही म्हणायचं नाही. ‘क’ला गणित शिकवायला एक पदवीधर दिदिमणी, म्हणजे बाई, होत्या. ‘ख’ला गणित शिकवायच्या त्या शिवणाच्या बाई. त्या बिचाऱ्या स्वतःच अपूर्णांकापाशी अडखळत. वर्षअखेरीच्या परीक्षेत गणितात वर आलेल्या ‘ख’च्या मुलींना ‘क’मध्ये घेत, आणि जी राहिली तिला वरच्या वर्गात गणितच नसे, फक्त शिवण. गणित नाही म्हणजे पुढे कॉलेजचं नाव काढायचं नाही. आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्या एकमेकींना सांगत की ‘ख’मधून गणितात कुणी वर येत नाही. मी म्हणते, येणार कशा? शिकवलंय कुणी?

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी पूर्व बंगालातल्या बारिसालकडची होती. काळी, काटकुळी, डोळे सतत भिरभिरणारे. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे ती असं सांगायची की जणू उद्या सकाळी जाऊन होणार आहे. घरी आजारी वडील, आई आणि धाकटी भावंडं. ‘क’मध्ये जायचं हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की दुसरं काही बोलायचीच नाही. मला एका जागी बसवत नसे, तिलाही नसे. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच, आणि बंगाली बोलायला मी तिच्याकडूनच शिकले.

मधल्या सुट्टीत आम्ही ठिकरी खेळायचो. मागच्या अंगणात विटेच्या तुकड्याने चौकोन आखायचे आणि एका पायावर उड्या मारत जायचं. मला नुसतं उडायचा कंटाळा आला की मी पाढे म्हणायची. साधे नाही, अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. आईने पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून ते घोकून घेतले होते, आणि चूक झाली की लाटणं उगारलं जायचं. एका उडीला एक ओळ. एक अडीच अडीच, बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात.

‘हे काय गं?’ तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने माझ्या हातातून ठिकरी हिसकावून घेतली आणि म्हणाली, ‘परत म्हण.’

महिनाभरात अख्खी ‘ख’ तुकडी उड्या मारत अडीचकी म्हणत होती. अडीचचं त्यांनी ‘आडाई’ करून टाकलं. तीन आडाई शाडेशात, चार आडाई दोश. मी ऐकून हसायची आणि त्या मला टपली मारायच्या. पुढे पुढे शिवणाच्या बाई फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत मागून उत्तर यायचं. ती बारिसालची तर सगळ्यांच्या आधी. बाईंनी ‘सात पोलकी, प्रत्येकी अडीच गज’ एवढं म्हटलं की बाकाखाली तिचा पाय खटखट वाजे आणि तोंडातून साडेसतरा बाहेर पडलेलं असे. बाई खूश होत. गुपचूप स्वतःचंही उत्तर तपासून घेत.

थंडीत वर्षअखेरीची परीक्षा झाली. गणिताच्या पेपराला ‘क’च्या पदवीधर दिदिमणी आमच्यावर लक्ष ठेवायला होत्या. माझा पेपर अर्ध्या वेळात झाला आणि मी खिडकीबाहेर बघत चुळबुळत बसले. बाहेर काहीच नव्हतं, एक तळं आणि त्यावरची जलपर्णी. दिदिमणी बाकांमधून फिरत होत्या. मधेच थांबून खाली वाकून बघत होत्या. मला वाटलं काही पडलं असेल.

निकालाच्या दिवशी आम्हाला बडदींनी बोलावलं. ‘ख’मधल्या बऱ्याच मुलींची उत्तरं बरोबर होती. सगळ्यांची सारखी होती. आणि एकीच्याही पेपरात पायऱ्या नव्हत्या. प्रश्न, आणि खाली उत्तर. पदवीधर दिदिमणींनी सांगितलं होतं की मुली परीक्षाभर बाकाखाली पाय आपटून एकमेकींना खुणा करत होत्या.

‘टुकलीत तुम्ही,’ बडदी म्हणाल्या. टुकणं म्हणजे नक्कल करणं. ‘गणिताचा पेपर रद्द. सगळ्या ‘ख’मध्येच राहतील.’

ती माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा असा झाला की मला आजही तो डोळ्यांपुढून हलवता येत नाही. ‘आमि टुकि नाइ,’ ती म्हणाली, तिच्या गावच्या बोलीत, आणि दाराबाहेर ‘क’मधलं कुणीतरी हसलं.

बाकीच्यांना घालवून बडदींनी मला मागे ठेवलं. ‘तुझ्याबद्दल काही तक्रार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या घरचं वळण वेगळं. तू ‘क’मध्ये जाशील.’

‘माझ्याही पेपरात पायऱ्या नाहीत,’ मी म्हटलं.

‘तुमच्याकडे शिकवायची तशी पद्धत असेल.’

‘माझेही पाय हलत होते.’

‘जा आता,’ बडदी म्हणाल्या.

फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना आणि मी रडत, दगड लाथाडत इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. राग कुणावर काढावा कळत नव्हतं. तिचा पेपर आणि माझा पेपर शेजारी ठेवला तर कुणाचा कोणता हे अक्षरावरूनच ओळखावं लागलं असतं. माझ्या पेपराला पद्धत म्हणाले आणि तिच्या पेपराला चोरी.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘तुला ‘क’ मिळालं ना? मग दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस. आपण इथले पाहुणे.’

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. ‘पाढे माझे आहेत,’ ती म्हणाली. ‘ते चोरीचे कसे झाले?’

‘तू यात पडू नकोस,’ बाबा म्हणाले.

‘मी पडलेच आहे. मीच शिकवलेत ते.’

कलकत्त्यात आल्यापासून आई भाजी आणायलाही एकटी गेली नव्हती. बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम. पण दुसऱ्या दिवशी ती नऊवारी चापूनचोपून नेसली आणि माझ्याबरोबर फाटक ओलांडून शाळेत आली. रस्त्यात लोक वळून वळून बघत होते. मला लाजही वाटत होती आणि पळत सुटावंसंही वाटत होतं. आई मात्र नाकासमोर बघत चालली होती.

बडदींनी तिला बसा म्हटलं. आई बसली नाही. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘उस लडकी को बुलाओ. पूछो.’

बडदींनी काय विचार केला कोण जाणे, पण त्यांनी तिला बोलावलं. ती आली आणि दाराशीच उभी राहिली. बडदींनी गणित घातलं. सात पोलकी, प्रत्येकी अडीच गज. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत होतो आणि तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. दोन्ही पाय तिने जमिनीवर घट्ट रोवले होते. पदवीधर दिदिमणी कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. आता ही जन्मभर शिवण करणार.

‘अशी खांबासारखी उभी राहून तिला पाढा नाही यायचा,’ आई मराठीतच मला म्हणाली. मग पुढे होऊन तिने बडदींच्या टेबलावरचा खडू उचलला, पदर खोचला आणि गुडघे टेकून त्या चकचकीत जमिनीवर ठिकरीचे चौकोन आखले. तिचा रांगोळीचा हात, रेघा कशा सरळ. ‘खेल,’ ती म्हणाली.

ती मुलगी बडदींकडे बघत राहिली. मग तिने एक पाय उचलला. एक आडाई आडाई. दुसरी उडी. दोन आडाई पाच. आवाज आधी कापत होता, मग सुटला. सात आडाई शाडेशोतेरो म्हणून ती थांबली नाही, पार शेवटापर्यंत गेली आणि वळून दिडकी म्हणत परत आली. दिडकीत एके ठिकाणी चुकली तेव्हा आईने सवयीने ‘अंहं’ केलं, आणि तिने जीभ चावून दुरुस्त केलं.

बडदी जमिनीवरच्या चौकोनांकडे बघत होत्या. ‘आमच्या आजोबांच्या पाठशाळेत असं काहीतरी होतं,’ बडदी हळूच म्हणाल्या. मग पुन्हा करड्या झाल्या. ‘नक्कल नाही, हे मला पटलं. पण बोर्डाचा परीक्षक उड्या बघायला येत नाही. त्याला कागद दिसतो. उद्या सगळ्यांची परत परीक्षा. प्रत्येक पायरी लिहायची, आणि पाय हलता कामा नयेत.’

‘मी पण बसणार,’ मी म्हटलं.

‘बस,’ त्या म्हणाल्या.

एका रात्रीत पायऱ्या कुणाला येणार होत्या? शिवणाच्या बाईंनी त्या कधी शिकवल्याच नव्हत्या. ती बारिसालची मात्र संध्याकाळी आमच्या घरी आली, आईला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणाली आणि माझ्या वहीवरून गुणाकार कसा मांडतात ते पाहत बसली. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित पुन्हा लांबलचक लिहायचं तिच्या जिवावर येत होतं, पण तिने लिहिलं. परीक्षेला ‘क’च्या वर्गात आम्हाला दूर दूर बसवलं. तिने दोन्ही पाय एकमेकांत अडकवून ठेवले होते.

‘ख’मधून ती एकटीच ‘क’मध्ये आली. मी होतेच. बाकीच्या शिवणाला गेल्या, आणि त्यातल्या दोघी तरी माझ्याहून हुशार होत्या. याचा मला अजून राग येतो. वय झालं तरी कमी होत नाही.

पण जे मला खरं सलतं ते वेगळंच आहे. ‘क’मध्ये ती पहिल्या बाकावर बसायची, उत्तम गुण मिळवायची. दिदिमणी तोंडी गणित घालत, तेव्हा ‘क’च्या मुली लगेच हात वर करत. तिला उत्तर आलेलं असे, माझी खात्री असे. पण ती वही ओढायची, मांडणी करायची, रेघ मारायची, आणि मग हात वर करायची. तोवर दुसरीने सांगितलेलं असायचं. मी तिला कोपराने ढोसायची. ‘अगं सांग ना!’ ती नुसती मान हलवायची. मधल्या सुट्टीत ठिकरीला यायचीही बंद झाली.

वर्षभरात बाबांची बदली दिल्लीला झाली. ती हावड्याला पोचवायला आली, तिच्या आईने दिलेले नारळाचे लाडू घेऊन. सामान चढलं, बाबा हमालाशी हुज्जत घालत होते. मी उगाच इकडेतिकडे करत होते. आई खिडकीतून वाकून तिला हसवायला म्हणाली, ‘बोल, सात अडीच?’

तिने माझ्या आईकडे पाहिलं. एकदा मागे वळून पाहिलं, तिथे नुसती गर्दी होती. तिचे पाय चपलांत अगदी जुळलेले होते. मग तिने डावा तळहात पुढे धरला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर लिहिलं. अडीच. खाली सात. रेघ. हातचा.

‘साडेसतरा, माशिमा,’ ती म्हणाली.

शाबास म्हणायला आईने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. गाडी हलली. आई खिडकीतून हात बाहेर काढून, तिचा तो तळहात दिसेनासा होईपर्यंत, त्याच्याकडे बघत राहिली.