मुदतीनंतरचा दिवस

माझी धाकटी बहीण दिवेआगरला आपल्या वाडीतल्या चार खोल्या पर्यटकांना देते. वादळात त्यांतल्या दोन खोल्यांचे छप्पर उडाले. ते नव्याने घालण्यासाठी तिने जमवलेले पैसे माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या सल्ल्याने गेले. त्याचा सूड मी घेतला. कसा घेतला ते क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला तर त्यातले गणित कळणार नाही.

विद्यार्थी हुशार होता. भूमिती त्याला मीच शिकवली. पुढे त्याने अलिबागेत शेअर-सल्ल्याचे कार्यालय काढले. एकदा बहिणीकडे जेवायला आला असता त्याने तिच्या मासळी-थाळीच्या दरपत्रकामागे एक आकृती काढली. पुट म्हणजे ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क. एका कंपनीच्या शेअरचा पाचशेचा पुट घ्यायचा आणि साडेचारशेचा विकायचा. या जोडीला स्प्रेड म्हणतात. भाव पडला तर फायदा, चढला तर ठरावीक तोटा.

"ताई, ही रेघ बघा, इथे आडवी होते. याच्या खाली तुमचा तोटा जातच नाही."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी आकृती तपासली आणि बरोबर आहे म्हणालो.

निघताना त्याने मलाही सल्ला दिला. "सर, त्याच कंपनीचे तुमचे शेअर नुसते पडून आहेत. भाड्याने द्या. सध्या ते उसने मिळत नाहीत कुणाला, भाडं चांगलं येईल." मी दिले.

आकृती मुदतीच्या दिवसापर्यंतची होती. मुदतीनंतरचा दिवस तिच्यात नव्हता. भाव साडेचारशेच्या खाली गेला असता, तर दोन्ही पुटांचे देणे-घेणे परस्पर फिटले असते. तो चारशे सत्तरवर थांबला. विकलेला पुट संपला, घेतलेला उरला, तो फायद्यात असल्याने नियमाप्रमाणे आपोआप बजावला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पाचशेच्या भावाने प्रत्यक्ष शेअर देणे बहिणीवर आले. तिच्याकडे एकही नव्हता. बाजारात विकत घेतले तर ते एक दिवस उशिरा पोहोचणार. माझे होते, पण भाड्याने गेलेले. माझ्या खात्यात शून्य. भाव उसळला. बाजाराने तिच्या वतीने लिलावात महाग शेअर घेतले आणि फरक तिच्याकडून वसूल केला. तोटा आडव्या रेघेच्या कितीतरी खाली गेला आणि छप्पर त्यात गेले.

फोनवर तो म्हणाला, "ताई, बाजार आहे. होतं असं कधी कधी."

भाड्याचा करार संपल्यावर माझे शेअर परत आले. ते मी पुन्हा दिले नाहीत. मी वाट पाहत राहिलो. ज्या चुकीचे स्वतःचे गुण कापले जात नाहीत ती चूक मुलगा पुन्हा करतो, हे मी वर्गात आयुष्यभर पाहिले होते.

काही महिन्यांनी सकाळी सातला त्याचा फोन आला. या वेळी पैसे त्याचे स्वतःचे होते. तोच शेअर, तसाच स्प्रेड, आणि आदल्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात भाव दोन आकड्यांच्या मध्ये येऊन थांबलेला.

"सर, तुमचे खात्यात आहेत ना? दुपारपर्यंत माझ्याकडे वळते करा. भाडं तुम्ही म्हणाल ते."

"मी बहिणीकडे आहे. दिवेआगरला ये. समोर बसून करू."

"सर, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे हो."

"समोर बसून."

वाटेत खाडी ओलांडताना आगरदांड्याला गाडी बोटीत चढवायला त्याला ताटकळावे लागणार, हे मला माहीत होते.

अकराला तो पोहोचला. बहिणीने त्याला नेमके छपराच्या जागी ताडपत्री बांधलेल्या खोलीत बसवले. वाऱ्याने ताडपत्री इतकी फडफडत होती की त्याला मोठ्याने बोलावे लागत होते. मी ते दरपत्रक त्याच्यापुढे उलटे ठेवले आणि पेन्सिल दिली.

"मुदतीनंतरचा दिवस काढून दाखव."

"सर, वेळ नाहीये!"

"म्हणून लवकर काढ."

आडवी रेघ संपत होती तिथून त्याने ती खाली ओढली, थेट कागदाच्या कडेपर्यंत. काढताना त्याची नजर घड्याळावर होती. रेघ मात्र सरळ आली.

"आता करता ना, सर?"

"आकृती पूर्ण झाली. शेअर मिळणार नाहीत."

तो बहिणीकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा ना सरांना. ऑफिस बंद होईल माझं."

"बाजार आहे रे," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी. चहा घेतोस, की बोट चुकेल?"

त्याने चहा घेतला नाही.

त्याच्यासाठी लिलावात शेअर घेतले गेले. अशा लिलावात ज्याच्याकडे शेअर आहेत तो ते विकायला देऊ शकतो, आणि टंचाई असली की भाव उत्तम येतो. मी माझे सगळे दिले. ते त्याच्याच गळ्यात पडले की दुसऱ्या कोणाच्या, हे बाजार सांगत नाही. आलेल्या पैशांतून दोन्ही खोल्यांवर पत्रे चढले. त्याच्या कार्यालयाला कुलूप लागल्याचे नंतर ऐकले. वाईट वाटले का, असे बहिणीने एकदा विचारले. मी नाही म्हणालो, आणि ते खरे आहे. वाईट वाटते ते त्या पहिल्या दिवसाचे, मी बरोबर आहे म्हणालो त्याचे. त्याची वसुली मी कोणाकडून करणार?

बहिणीने नवी दरपत्रके छापली तेव्हा जुने टाकायला काढले होते. ते मी मागून घेतले. त्यावरचा सुरमईचा दर आता चालत नाही; मागची आकृती मात्र बरोबर आहे.