बाईंनी कान धरले तो दिवस

सुलूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गुणाकार लिहीत होते. फोन त्यांच्या मुलाचा, सोनपेठहून. "मॅडम, आई गेली ओ. जेवली, जरा आडवी होते म्हणली, आन् उठलीच न्हाई..." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण हंबरडा नव्हता. सत्तरी ओलांडलेली बाई पोटभर जेवून, आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेली. मी पोरांना पाढे म्हणायला सांगितले आणि दारात येऊन उभी राहिले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. रडून झालं आहे. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हसूच जास्त येतंय.

सुलूबाई अंगणवाडी सेविका होत्या. सोनपेठपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी पहिल्यांदा रुजू झाले, तेव्हा शाळेच्याच आवारात शेवटच्या खोलीत त्यांची अंगणवाडी भरायची. मी सेलूची, मास्तरांची मुलगी, नुकतीच डी.एड. झालेली. त्या पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, आवाज असा की पार वेशीपर्यंत जावा. पोरं त्यांना घाबरायची आणि सकाळी त्यांच्याच पदराला लोंबकळायची. सुरुवातीला मीही जरा घाबरूनच होते. "मॅडम, डबा खाल्ला का? लय वाळायलात तुमी," असं त्या रागावल्यासारखं म्हणायच्या आणि भाकरीवर ठेचा घालून पुढं करायच्या.

लहान पोरांना काय कळतं, असं तेव्हा मला वाटायचं. खरं सांगायचं तर त्यांनाही वाटायचं. आम्हा दोघींची ही समजूत एकाच दिवशी मोडली, आणि त्या दिवसाचं निमित्त मी होते.

गावाबाहेर वीटभट्टी होती. दिवाळीनंतर भट्टीवर बाहेरगावची कुटुंबं यायची. त्यांतली रुक्मी नावाची चार-साडेचार वर्षांची मुलगी आठवडाभरापासून अंगणवाडीत येत होती. केस पिंगट, बोलणं जवळजवळ नाहीच. चित्रांसमोर मात्र तासन्तास उभी राहायची. बाईंकडे नुकताच प्राण्यांचा एक मोठा रंगीत तक्ता आला होता, आणि रुक्मी त्यातल्या हत्तीच्या सोंडेवरून बोट फिरवत असायची. एक दिवस सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी माझ्या वर्गासाठी तो तक्ता न्यायला त्यांच्या खोलीत शिरले. खिळ्यावरून काढताना तो वरपासून मधोमध टर्रकन फाटला. मी घाबरले. बाई आल्या की सांगू, असं म्हणत फाटक्या कडा जुळवून परत अडकवला आणि वर्गात निघून गेले. मग परिपाठ, हजेरी... सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण खरं तर मी टाळलं.

त्या दिवशी बाई आनंदात होत्या. त्यांना पहिला नातू झाला होता, म्हणून पोरांसाठी घरून शेंगदाण्याचे लाडू करून आणले होते. लाडू वाटायच्या आधी त्यांची नजर तक्त्यावर गेली, आणि तक्त्यापाशी नेहमीसारखी रुक्मी उभी होती. बाईंनी विचारलंसुद्धा नाही. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "हात लावू नको म्हणून किती डाव सांगितलं तुला! जा, व्हरांड्यात बस, भिंतीकडं तोंड करून. तुला लाडू न्हाई."

मी खिडकीतून पाहिलं. रुक्मी निमूट गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. रडली नाही. कदाचित तिला अशा बसण्याची सवय असावी. मी तीसेक पोरांसमोर उभी होते, पगारी शिक्षिका, आणि मला पाच पावलं चालत जाता आलं नाही. लोक काय म्हणतील, बाई काय म्हणतील... तेवढ्यात अनू बाहेर आली. अनू गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची नात, रुक्मीच्याच वयाची, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलेली. हातात तिचा लाडू होता, अख्खा. ती रुक्मीच्या शेजारी तिच्यासारखीच भिंतीकडं तोंड करून बसली.

बाई मागोमाग आल्या. "अगं, तुला कुणी बसवलं? तू काय केलंस?"

"कायबी न्हाई केलं."

"मग ऊठ की."

"हिनंबी न्हाई केलं," अनू भिंतीकडं बघतच म्हणाली. "ही आली तवाच ते फाटलेलं होतं. तुमी इच्यारलंच न्हाई."

मी वर्गातून बाहेर आले. "बाई, तक्ता माझ्याकडून फाटला. सकाळी. मी सांगितलं नाही." एवढंच बोलता आलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या चिडतील असं मला वाटलं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या खाली फरशीवर बसल्या, रुक्मीला आपल्याकडं वळवलं आणि सगळ्या पोरांदेखत स्वतःचे दोन्ही कान धरले. "चुकलं माझं, बाळा. न इच्यारता तुला बोलले." त्यांचा तो वेशीपर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी व्हरांड्याच्या पलीकडं गेला नाही. मीही शेजारी बसले, मीही कान धरले. रुक्मी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं हात पुढं केला आणि बाईंचे हात कानांवरून हळूच खाली ओढले. "दुखंल," ती म्हणाली. त्या आठवड्यात मी तिच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी अनूचे आजोबा तावातावानं आले. "आमच्या पोरीला बाहेर बसवलं म्हणं? भट्टीवाल्यांच्या शेजारी?" बाई खिचडी ढवळत होत्या. डाव न थांबवता म्हणाल्या, "म्या न्हाई बसवलं, मालक. चूक म्या केली, आन् ती सुधराया तुमची नात बसली. मला पन्नास वर्षांत जे कळलं न्हाई ते तिला कळलं. तुमच्या घरचं वळण हाय, दुसरं काय?" आजोबांचा चेहरा असा झाला की रागवावं की मिशीला पीळ द्यावा हेच त्यांना कळेना. जाता जाता एवढंच म्हणाले, "आजीवर गेलीय कार्टी. ती बी अशीच हटून बसती." त्यानंतर अनू आणि रुक्मी एकाच ताटात खिचडी खायच्या, आणि कुणी काही बोललं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर भट्टी बंद झाली आणि रुक्मीचं कुटुंब निघून गेलं. ती कुठं आहे, काय करते, आम्हाला कधीच कळलं नाही. बाई अधूनमधून म्हणायच्या, "मोठी झाली आसंल आता." अनू मात्र परभणीत नर्सिंग शिकली आणि तिथंच नोकरीला लागली.

बाईंचं ओरडणं काही थांबलं नाही, ते त्यांच्या स्वभावातच होतं. पण शिक्षा करण्याआधी विचारायचं, आणि तेही खाली बसून, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. माझी बदली झाल्यावरही मी वर्षातून एकदा त्यांना भेटायला सोनपेठला जायचे. शेवटच्या भेटीत त्या खाटेवर बसून दोन धाकट्या नातवंडांचं भांडण ऐकत होत्या, अगदी न्यायाधीशासारख्या गंभीर. मला म्हणाल्या, "मॅडम, आपण समजतो ह्यांना आपण शिकवायलाव. ह्यांच्या आत ते आधीच आसतंय बघा. आपण फकस्त ते मारून टाकू नये."

तेराव्याला मी सोनपेठला गेले. परतताना एस.टी.तून मुद्दाम त्या गावी उतरले. अंगणवाडी अजून त्याच खोलीत भरते. सेविका नवीन आहे, भिंतींचा रंग नवीन आहे. पण दप्तरं अडकवायचे खिळे बाईंनी ठोकलेलेच आहेत, पोरांच्या खांद्याएवढ्या उंचीवर. कुणाला मागावं लागू नये, ज्याचं त्याला काढता यावं म्हणून. माझ्या मांडीला लागणाऱ्या त्या खिळ्यांची रांग बघितली आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिथं फुटलं. मी तशीच खाली बसले.

एक तीनेक वर्षांची मुलगी जवळ आली. कोण, कुणाची, मला माहीत नाही. तिनं फ्रॉकच्या टोकानं माझा गाल पुसला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुला कुनी मारलं?"

"कुणी नाही गं."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं, स्वतःची खात्री करून घेतली, आणि मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बाई, ह्यांना कुनीबी मारलं न्हाई! उगंच रडायल्यात!"

सगळी खोली हसली. मीही हसले, आणि हसता हसता वाटलं, हा आवाज पार वेशीपर्यंत गेला असणार.