दोन कडुलिंबांमधली सुतळी

बदनापूरच्या आमच्या शाळेत एकाही पोराची जन्मतारीख खात्रीची नव्हती. कोणी सुगीत जन्मलेला, कोणी आत्याच्या लग्नानंतर. त्यामुळे लहान पोरांचा हॉकीचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा ड्रिल मास्तरांनी सोपा उपाय काढला. मैदानाकडेच्या दोन कडुलिंबांना त्यांनी स्वतःच्या छातीइतकी उंच सुतळी बांधली. न वाकता तिच्याखालून जाईल तो लहान. बाकीचे मोठ्यांत, आणि मोठ्यांत माझ्यासारख्या काडीला कोण विचारणार? निवड संक्रांतीनंतर होती. निवडलेली अकरा पोरं आगगाडीनं जालन्याला खेळायला जाणार होती.

आगगाडी मी रोज बघायचो, तिच्यात कधी बसलो मात्र नव्हतो. ती गेल्यावरही धूर बराच वेळ ज्वारीवर तरंगत राहायचा. त्या धुराकडं बघत मी मनातल्या मनात खिडकीशी बसलेला असायचो, मांडीवर हॉकी, आणि आमचं गाव हळूहळू मागं सरकतंय.

दिवाळीच्या आधी सुतळीखालून मी आरामात जात होतो, डोक्यावर बोटभर जागा उरत होती. म्हणून ती काळजी नव्हती, काळजी होती खेळाची. मुळाशी आपोआप वळलेली बाभळीची फांदी शोधायला मला आठ दिवस लागले. काचेच्या तुकड्यानं तासून मी तिची हॉकी केली. चिंध्यांवर सुतळी गुंडाळून चेंडू केला आणि पहाटे दुधना नदीच्या वाळूत जाऊ लागलो. पाण्यावर धुकं असायचं. पलीकडचा काठ दिसायचा नाही, नुसत्या मेंढ्यांच्या घंटा ऐकू यायच्या. त्या धुक्यात मी मारलेला चेंडू दिसेनासा व्हायचा आणि मला वाटायचं, तो थेट जालन्याला पोहोचला. थंडीनं बोटं बधिर व्हायची, पण इतका आनंद मला पुढं फार थोड्या गोष्टींनी दिला.

चूक माझीच झाली. पहाटे बाहेर जायची परवानगी मिळावी म्हणून मी आईला ठोकून दिलं, की मास्तर फक्त तगडी पोरं घेणार. सुतळीचं मुद्दाम सांगितलं नाही. स्वतःला लहान म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. झालं, आई कामाला लागली. सकाळी म्हशीचं निरसं दूध, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, रात्री डिंकाचा लाडू. मीही हावरटासारखा खात गेलो.

आमच्या दाराच्या चौकटीवर आई कोळशानं माझी उंची आखायची. तिथं खाली, माझ्या सगळ्या रेघांच्या खाली, एक जुनी रेघ होती. माझ्या आधीच्या भावाची. तो तापानं गेला आणि ती रेघ तिथंच थांबली. चौकट पुसताना आई तेवढी जागा सोडायची. मला उभं करताना तिचं एकच म्हणणं असायचं, "ताठ ऱ्हा."

संक्रांतीला तिनं नवी रेघ ओढली, ती मागच्या रेघेच्या तीन बोटं वर, आणि मला सुतळी आठवली. दुसऱ्या दिवसापासून मी दूध मांजराला पाजू लागलो. मांजर गुबगुबीत झालं, मी काही खाली आलो नाही.

निवडीच्या दिवशी मी डोक्याचा चकोट करून गेलो. सुतळीजवळ आलो, हळूच गुडघे वाकवले आणि पाय ओढत निघालो. मास्तरांनी बघितलं. त्यांनी छडी माझ्या गुडघ्याला नुसती टेकवली.

"सीधे खडे रहो, मियाँ," ते हळूच म्हणाले.

मी सरळ झालो. सुतळी बराबर कपाळावर बसली. माझा खेळ बघायची वेळच आली नाही.

घरी येऊन मी हॉकी भिंतीवर आपटली आणि आईला सुतळीची सगळी गोष्ट सांगून टाकली. तुझ्या दुधानंच माझा घात केला, असंही म्हणालो. तिनं एवढंच विचारलं, की सुतळी कुठं लागली. मी कपाळावर बोट ठेवलं. तिनं मला चौकटीला उभं केलं, माझ्या चकोटावरनं हात फिरवला आणि खालच्या त्या जुन्या रेघेकडं बघत राहिली. मग ताटलीत गूळ घेऊन बाहेर गेली. दारोदार गूळ वाटताना तिचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"आमचं पोर आता लहान्यात मावंना झालंय."

मला तिचा भयंकर राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती अकरा पोरं घेऊन गाडी गेली, तेव्हा मी दारातच बसलो होतो, पाठ चौकटीला टेकून. धूर ज्वारीवरनं विरेपर्यंत मी बघत राहिलो. माझ्या पाठीमागंच ती खालची रेघ होती. तिच्याकडं वळून बघायचं काही मला सुचलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं.