मलिद्याचं ताट

मलिद्यासाठी भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची मिसळली की अजूनही माझे तळहात घामेजतात.

साठ-एकसष्टची गोष्ट. अकोल्यात आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, मोजकीच घरं होती. बाबा घरासमोरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेले, आणि सोळाव्या वर्षी मला उंबरा ओलांडता येईना. दुरून हॉर्न ऐकू आला तरी मी आतल्या खोलीत पळायचे. एके दिवशी रस्त्यापलीकडे काकांकडे मलिद्याची प्रार्थना होती. आई म्हणाली, "मेझुझाले हात लाव अन् चाल." चौकटीवरच्या त्या प्रार्थनेच्या डबीला मी बोटं लावली, पण पाय हलेनात.

"मले भेव लागते."

मनाचे आजार बघणारी सारामावशी मुंबईहून आली होती. तिनं समजावलं नाही, ओढलं नाही. "मी कुठं बसू? तू सांग."

"पायरीवर."

ती बाहेर पायरीवर बसली, मी दाराआड. प्रार्थना संपल्यावर तिनं मलिद्याचं ताट मागवून मांडीवर घेतलं. आम्ही दोघी त्यातूनच खात राहिलो.

त्या दिवशी मी बाहेर पडलेच नाही, असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. पण ताट तिच्या मांडीवर होतं. प्रत्येक घासाला माझा हात चौकटीबाहेर जात होता.