नदीपल्याडच्या मायी

मॅडम प्रत्येक बाईला ‘माय’ म्हणत. अमरावतीच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या टेबलावर ओरडणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीलाही. “काहून घाबरून राहिली वं माय? मी हावो ना इथी.” पुण्याहून आलेल्या डॉक्टरांना ते रांगडं वाटायचं. बाळंतिणींना मात्र त्या एका शब्दाचा आधार पुरायचा. निवृत्तीनंतर मॅडम आफ्रिकेतल्या मलावीला गेल्या तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं, की तिथल्या भाषेतही आईला आणि बाईमाणसाला ‘मायी’च म्हणतात. संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्यांना ‘मायी’ म्हणू लागलं होतं.

मी अकोल्याचा, त्यांचा विद्यार्थी. एका वर्षासाठी म्हणून त्यांच्यासोबत गेलो आणि तीन वर्षं राहिलो. मॅडम मूळच्या चांदूर बाजारकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. साठी उलटल्यावर एवढ्या लांब कशाला, असं मुलानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “इथी डॉक्टर लय झाले. तिथी बाई मरते अन् कोणाले पत्ता नाई लागत.” वऱ्हाडातल्या बायांसारखं त्या ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलत. “मी जातो,” म्हणाल्या आणि गेल्या.

आमचं गाव नदीच्या पलीकडे होतं. मोठं इस्पितळ अलीकडे, जीपनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पावसाळ्यात नदी फुगली की वाट बंद. उन्हाळ्यातही इस्पितळाचा खर्च झेपायचा नाही, म्हणून घरची माणसं आधी बकरी विकायला बाजार गाठायची आणि मग रोग्याला हलवायची. तोवर बहुधा उशीर झालेला असायचा. आम्ही गावातच दोन खोल्यांचा दवाखाना सुरू केला. तामांडा नावाची तिथलीच एक तरुण नर्स सोबत होती. ती आमच्याशी इंग्रजीत बोलायची. मॅडम तिच्याशी अर्धं इंग्रजी आणि अर्धं वऱ्हाडी बोलत, आणि तिला दोन्ही कळायचं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी बाहेरून येणारी मदत थांबली. औषधांची कपाटं रिकामी व्हायला लागली. फी लावावी तर माणसं येणार नाहीत, न लावावी तर औषध येणार नाही. मी परतीच्या तिकिटाची भाषा काढली. मॅडम माझ्यावर कडाडल्या, “फुकट औषधाले किंमत नाई अन् महाग औषधाले गिऱ्हाईक नाई. मंधातली वाट शोध ना लेका!”

ती वाट त्यांनीच शोधली. गावच्या मुखियाच्या अंगणात सगळ्यांना गोळा करून त्यांनी सांगितलं, की मक्याची कापणी झाली की प्रत्येक घरानं एकेक टोपली मका सामाईक कोठीत टाकायचा. तो विकून औषधं आणायची. वर्षभर ज्याला लागेल त्याचा इलाज व्हायचा. तामांडानं ते गावाच्या भाषेत मांडलं.

मुखियानं नकारार्थी मान हलवली. “धडधाकट माणूस दुसऱ्याच्या दुखण्यासाठी मका कशाला देईल?”

“आमच्या गावात सप्ताहाले सारे ज्वारी देतात,” मॅडम म्हणाल्या. “कोणी जेवाले येते, कोणी नाई येत. पण मी जेवलो नाई, माही ज्वारी वापस द्या, असं म्हणाले अजून कोणी आलं नाई!”

तामांडानं अर्थ सांगितला तसं अंगण हसलं. मुखिया हसला नाही. पण कापणीनंतर पहिली टोपली त्याच्या घरून आली. दुसरी त्याच्याशी उभा दावा असलेल्या भावाकडून. कोठी भरली, कपाटं भरली. मॅडम त्या मक्याच्या राशीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अकोल्याच्या बाजारात कापसाला चांगला भाव मिळाल्यावर शेतकरी उभा राहतो, तशा.

खरी परीक्षा तिसऱ्या पावसाळ्यात झाली. आम्ही दोघं औषधं आणायला अलीकडच्या काठावर आलो आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. औषधं घेऊन काठाशी परतलो तेव्हा नदी काठोकाठ, होडी घालायची सोय नाही. तेवढ्यात तामांडाचा फोन आला. एक बाई बाळंत झाली होती, बाळ ठीक होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं.

“मायी, तुम्ही या,” ती रडत होती.

“इंजेक्शन दिलं?”

“दिलं.”

“पोटावरून पिशवी चोळून राहिली ना?”

“हो. पण मायी, मला एकटीला नाही जमणार.”

मॅडमनी समोरच्या पाण्याकडे पाहिलं. “मी नाई येऊ शकत. तुले सारं येते, मी सोता शिकवलं तुले. आता फोन ठेव अन् दोन्ही हात लाव.” आणि त्यांनीच फोन बंद केला.

मी चिडलो. “मॅडम, बोलत तरी राहायचं!”

“मी बोलत राहिलो तर ते पोरगी माह्या आवाजाकडे पाहीन, बाईकडे नाई,” त्या म्हणाल्या आणि दगडावर बसल्या. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा माझी उचलायची हिंमत झाली नाही. त्यांनी उचलला. पलीकडे तामांडा हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. रक्त थांबलं होतं. बाईनं पाणी मागितलं होतं. मॅडम ताडकन उठल्या आणि होडीसाठी खोळंबलेल्या माणसांना, पोती घेऊन बसलेल्या बायांना ओरडून सांगत सुटल्या, “वाचली! दोघंही वाचले!” कुणाला वऱ्हाडी कळत नव्हतं. पण सगळा काठ टाळ्या वाजवू लागला.

त्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. निरोपाला गाव लोटलं होतं. त्या गर्दीतून शेजारच्या गावची एक वयस्क बाई पुढे आली. तिनं मॅडमचा हात धरला आणि विचारलं, “आमच्या गावात कधी?”

मॅडमनी तोंड उघडलं. पण उत्तर तामांडानं दिलं. “कापणी झाली की. कोठी तुम्ही बांधा, मी येते.”

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, “चाल, काढ गाडी. झालं आपलं काम.”

मॅडम आता अमरावतीला असतात. गेल्या वर्षी त्या शेजारच्या गावाची कोठी भरली आणि दवाखाना उघडला. तामांडानं फोनवर फोटो पाठवला: निळं दार, बाहेर बायांची रांग. त्या रांगेत मॅडमना ओळखणारं कुणीच नव्हतं. त्यांनी तो फोटो त्या दिवशी भेटेल त्याला दाखवला.